बैहरची चढण

बालाघाट म्हटले की महाराष्ट्रातील आमच्या आप्तेष्टांस मराठवाड्यातील डोंगररांग आठवते. पत्ता सांगताना 'मध्य प्रदेश' हे शब्द आम्हांस नेहमीच दोनदा उच्चारावे लागतात. आमचे बालाघाट वैनगंगेच्या काठचे. १८६७ साली भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून हा नवा जिल्हा केला गेला, आणि घाटावरच्या मुलखावरून त्यास 'बालाघाट' असे नाव पडले. जिल्ह्याचे ठाणे मात्र घाटाखाली, बुऱ्हा नावाच्या गावी बसले व कालांतराने त्या गावासही जिल्ह्याचेच नाव चिकटले. घाटावरचे नाव असे घाटाखाली येऊन राहिले आहे. खरे घाटावरचे गाव पाहावयाचे तर भरवेली, गांगुलपारा, उकवा या वाटेने साठेक किलोमीटर चढून बैहरला जावे लागते. आमची मावशी तेथे राहत असे.

आमचे आजोबा तुमसरकडचे. मॅंगनीजच्या खाणीत हिशेबनिशी मिळाली म्हणून ते इकडे आले. त्या वेळी हा सारा मुलूख मध्यप्रांत-वऱ्हाडातच होता, राजधानी नागपूर होती, आणि तुमसरहून बालाघाटला येणाऱ्यास आपण परप्रांती गेलो असे वाटण्याचे कारण नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून आमच्या घरची लग्नपत्रिका मराठीत निघते व शाळेचा दाखला हिंदीत. त्याची खंत करीत बसण्याइतका वेळ आमच्या वडिलांना कधी मिळाला नाही, आणि आम्हांलाही नाही. असो.

सांगावयाचे ते गाडीविषयी. आम्ही दोघे भाऊ, दोघेही साठीच्या आसपासचे. आमच्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८६ सालची. ती त्यांनी १९९१ साली जुनी म्हणूनच विकत घेतली, म्हणजे आमच्या घरी ती कधी नवी नव्हतीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने ही गाडी तयार होई. पद्मिनी हे नाव तिला १९७४ पासूनचे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती साऱ्या देशाला ठाऊक झाली. त्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाल्या. आमची मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करवून घेत चालत राहिली आहे. मुलांच्या मते हा हट्ट आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु एक्याऐंशी वर्षांच्या आईचे गुडघे बसच्या पायऱ्यांना जुमानत नाहीत, आणि पद्मिनीच्या पुढच्या आसनावर ती जशी सुखाने बसते तशी अन्य कोठेही बसत नाही.

चैत्र सरता सरता बैहरहून मावसभावाचा निरोप आला. मावशीने अंथरूण धरले होते, अन्न सुटत चालले होते, आणि ती दिवसातून दोन-तीनदा आईचे नाव घेत होती. डॉक्टरांनी बरेच काही न बोलता सांगितले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचे ठरले.

येथे आमची चूक कबूल केली पाहिजे. त्याआधी दोन आठवडे गाडीखाली, पोर्चच्या फरशीवर, सकाळी एक ओला ठिपका दिसत असे. बोट लावून पाहिले तर किंचित बुळबुळीत, फिकट हिरवा, वास गोडसर. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, म्हणजे कूलंटचा, तो ठिपका होता. पाणी, तेल व कूलंट यांतील फरक ओळखणे कठीण नाही. तेल काळे व चिकट असते. पाण्यास रंग व वास नसतो. हिरवा, गोड वासाचा थेंब दिसला की समजावे, रेडिएटर, त्याच्या रबरी नळ्या किंवा वॉटर पंप यांपैकी काहीतरी गळते आहे. आम्ही हे समजलो आणि रोज सकाळी विहिरीचे पाणी ओतून रिकामी जागा भरीत गेलो. एका गॅरेजात दाखविले होते, तेथेही 'पाणी घालत राहा' हेच उत्तर मिळाले, आणि आम्हांस नेमके तेच उत्तर हवे होते.

वडिलांनी असे केले नसते. गाडीच्या खणात त्यांची एक वही असे. कोणत्या तारखेस किती पेट्रोल, किती तेल, रेडिएटरमध्ये किती पाणी, हे सारे ते त्यात लिहीत. बंद चक्रातून फिरणारे पाणी कमी होण्याचे काही कारणच नसते. ते कमी झाले तर कोठून तरी बाहेर गेले, एवढे साधे गणित त्यामागे होते. 'पाणी अर्धा लिटर' अशी नोंद एकाच महिन्यात दोनदा आली की ते गाडी मिस्त्रीकडे नेत. ते गेल्यावर वही आम्ही जपून ठेवली, पण त्यात लिहिणे थांबविले.

सकाळी सात वाजता निघालो. आईने मावशीसाठी चिन्नोर तांदळाची पिशवी, घरी दळलेल्या हळदीचा डबा आणि एक मऊ लुगडे घेतले होते. चिन्नोर हा आमच्या जिल्ह्याचा सुवासिक तांदूळ. २०२१ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आईने 'आता कळलं का त्यांना?' एवढेच म्हटले होते. शहर संपता संपता भरवेलीची खाण लागते. भूमिगत मॅंगनीज खाणींत देशातील सर्वांत खोल अशी तिची ख्याती आहे. आजोबांचे सारे आयुष्य तिच्या हिशेबांत गेले. खाली मात्र ते एकदाही उतरले नाहीत असे आई सांगते. तेथून पुढे रस्ता जंगलात शिरतो. खाली सागवान व बांबू, आणि वर पठारावर बैहरच्या पुढे कान्ह्याच्या दिशेने सालाची राने. मोहफुलांचे दिवस होते. झाडाखालची जागा झाडून स्वच्छ केलेली, आणि टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका व पोरे. उघड्या खिडकीतून येणाऱ्या त्या गोड वासात गाडीचा गोड वास मिसळला असावा. आम्हांस तो वेगळा असा जाणवला नाही.

गांगुलपाऱ्याचा जलाशय मागे टाकून चढण लागली आणि तापमानाचा काटा मध्यावरून उजवीकडे सरकू लागला. घाटात जुनी गाडी तापते त्यास कारण आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनास श्रम अधिक होतात आणि वेग कमी असल्याने समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरेसा लागत नाही. पाणी पुरेसे असेल तर ही तूट निभावून जाते. आमच्याकडे तेच नव्हते. दुसऱ्या वळणावर काटा तांबड्या पट्टीत गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली, आणि थोरल्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले.

धाकटा खाली उतरला व फडके घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे गेला. इतक्यात वरून उतरणारा मॅंगनीजचा एक ट्रक कचकन थांबला आणि त्यातून आवाज आला, "हात नोको लावू जी! भाजंल!"

तो आवाज आला नसता तर हा लेख धाकट्यास लिहिता आला नसता. रेडिएटरचे झाकण हे साधे झाकण नव्हे. त्याच्या आत स्प्रिंग असून ते पाण्यावर दाब राखून ठेवते. दाबाखाली असलेले पाणी शंभर अंशांपलीकडे तापले तरी उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते सारे पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळते. तोंड व हात भाजून घेणाऱ्यांत अनाडी लोक थोडे. 'थोडेसेच सैल करून पाहू' म्हणणारे शहाणेच अधिक. इंजिन थंड होऊन वरची रबरी नळी हाताने दाबता येऊ लागेपर्यंत झाकणास स्पर्श करू नये. तसेच तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. ओतीव लोखंडास तडा गेला तर गळतीची चिंताच उरत नाही.

ड्रायव्हर तुमसरचा निघाला. वय चाळिशीचे, गळ्यात गमछा. त्याने बॉनेट उघडले, हात मागे बांधून नुसते पाहिले, मग वाकून खाली पाहिले. रबरी नळ्या कोरड्या होत्या. वॉटर पंपाखालचे भोकही कोरडे होते. तेलाची पट्टी काढून त्याने ती आम्हांस दाखविली. तेल चहासारखे दुधाळ झाले असते तर पाणी इंजिनाच्या आतच शिरले असे समजून गाडी तेथेच सोडावी लागली असती. तेल स्वच्छ होते. रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या कडेला मात्र थेंब धरत होता. सुटत होता, पुन्हा धरत होता. त्याने काही वेळ ते थेंब मोजले असावेत.

"आंगन लहान हाय. हरद हाय का जी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आई मात्र आसनावरून पुढे झुकली. "काय म्हणाला तो?"

"हळद विचारतोय, आई."

"हरद म्हणाला," आई म्हणाली. "हरद. माझी आजी हरद म्हणायची."

भंडाऱ्या-गोंदियाकडच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो व 'ण'चा 'न'. आई व मावशी लहानपणी तेच बोलत. पुढे शाळेत मास्तरांनी त्यांच्या तोंडातला तो 'र' छडीने काढला, अशी त्यांची आठवण आहे. आमच्या कानांवर तो शब्द घरात कधी पडलाच नव्हता. आईने मागे हात करून पिशवीतला डबा ओढला व विचारले, "किती पाहिजे बाबा?"

इंजिन थंड होईपर्यंत पाऊण तास गेला. त्या वेळात एक कुत्रे गाडीखाली आले आणि सांडलेले हिरवे पाणी हुंगू लागले. ड्रायव्हरने त्यास हुसकले व पायाने माती ओढून ते डबके बुजविले. हे आमच्या मनात आले नव्हते. कूलंटमधील ग्लायकॉल चवीस गोड व पोटात विष असते. थोडेसे चाटूनही कुत्री-मांजरे दगावतात. ज्यांच्या अंगणात गाडी व जनावर दोन्ही आहेत त्यांनी तो हिरवा ठिपका त्याच दिवशी धुऊन टाकावा. आमच्या पोर्चमध्ये तो दोन आठवडे होता.

तो पाऊण तास आमच्यासाठी सुखाचा नव्हता. परत फिरणे शहाणपणाचे होते. बालाघाट पंधरा-सोळा किलोमीटरवर, सारा उतार, इंजिनास श्रम नाहीत. थोरल्याचे मत तेच होते. गाडी वर अडली तर जंगलातल्या उन्हात आईला घेऊन बसावे लागले असते. फोन लागत नव्हता, आणि ट्रकच्या केबिनमध्ये तिला चढविणे अशक्य होते. धाकटा म्हणत होता की परत जाऊन दुसरी गाडी ठरवून निघेपर्यंत दुपार होईल, आणि दुपारी आईला या उन्हात बाहेर काढता येणार नाही, म्हणजे उद्या. उद्या म्हणजे किती उशीर, हे आमच्यापैकी कोणीही बोलले नाही. आई आमचे ऐकत होती. तिने आपले मत दिले नाही. डब्याचे झाकण उघडून ती हळद चमच्याने हलवीत होती, जणू गुठळ्या मोडावयाच्या आहेत.

शेवटी ड्रायव्हरनेच मार्ग काढला. "उकव्यापर्यंत जा जी. थितं उतरून पानी पाहा. कमी झालं नसंल त पुढं जा, झालं असंल त थितंच थांबा." सबंध प्रवासाचा निर्णय एकदम करावयाचा नव्हता, एका टप्प्याचाच करावयाचा होता. थोरल्यास ते पटले.

झाकण उघडल्यावर त्याने तीन चमचे हळद तांब्याभर पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये ओतली, इंजिन सुरू करविले, आणि ते संथ चालत असताना आपल्या ट्रकमधील डब्याने थोडे थोडे पाणी भरले. हळदीचे कण पाण्याबरोबर फिरतात, जेथून पाणी बाहेर पडते तेथे ओढले जातात, फुगतात व छिद्रात बसतात. यात मंत्र नाही. देशभरचे ट्रकवाले हे करतात. परंतु जो कण छिद्र बुजवितो तोच रेडिएटरच्या चपट्या, चिंचोळ्या नळ्याही बुजवू शकतो. म्हणून हा घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे, घरी करण्याचा नव्हे. झाकण लावण्यापूर्वी त्याने हेही बजावले, की पोहोचल्याबरोबर सारे धुऊन काढा. आम्ही पैसे पुढे केले तेव्हा त्याने आईच्या पायांना हात लावला व ट्रकमध्ये चढला. नाव विचारावयाचे राहून गेले.

थेंब थांबला नाही, पण विरळ झाला. आम्ही तिसाच्या वेगाने निघालो. उकव्यास पाणी दोन बोटे उतरले होते. तेथील एका घरातून घागरभर मिळाले. धाकट्याने वडिलांची वही काढून लिहिले : 'उकवा, पाणी पाऊण लिटर.' पठार लागल्यावर काटा मध्यावर आला व तेथेच राहिला. बैहरला पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते.

मावशीने डोळे उघडले, आईला पाहिले आणि पुष्कळ वेळ काही बोलली नाही. आईने पिशवी उपसून एकेक वस्तू तिच्या उशाशी ठेवली. हळदीचा डबा हलका लागला तसे मावशीने क्षीण आवाजात विचारले, "अर्धीच आणलीस?"

"अर्धी हरद गाडीनं खाल्ली," आई म्हणाली.

त्या शब्दावर मावशी हसली. दोघी मग त्याच बोलीत बोलू लागल्या, आणि आम्हांस त्यातील निम्मेही कळेना. आम्ही बाहेर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका मिस्त्रीकडे रेडिएटर उतरविला. त्याने नळ्यांची तोंडे बंद करून, आत हवा भरून तो पाण्याच्या हौदात बुडविला. खालच्या टाकीच्या सांध्यातून बुडबुड्यांची एक रेघ वर आली. जुना डाख सुटला होता. सांध्याभोवती पांढरा थर जमला होता. तो आमच्या विहिरीच्या जड पाण्याचा. साध्या पाण्यातील क्षार आत साठत जातात, गंज वाढतो, आणि कूलंटमध्ये गंजरोधक म्हणून जे असते ते पाणी ओतून ओतून आम्हीच पातळ केले होते. मिस्त्रीने हळद पाहिली व कपाळाला हात लावला. नळ्यांतून सळई फिरवून व उलट्या दिशेने पाणी सोडून त्याने रेडिएटर धुतला. पिवळे पाणी कितीतरी वेळ येत होते.

डाख देताना तो म्हणाला की ही तांब्या-पितळेची वस्तू आहे म्हणून दुरुस्त होते. हल्लीच्या गाड्यांचा रेडिएटर अॅल्युमिनियमचा व टाक्या प्लास्टिकच्या, त्यास डाख लागत नाही, फुटला की नवा. बैहरच्या पुढेच मलाजखंड. १९८२ पासून तेथे हिंदुस्तान कॉपरची तांब्याची मोठी खाण चालू आहे. आमच्या गाडीतले तांबे तेथलेच असेल असे म्हणण्याचा मोह झाला, परंतु तसे म्हणण्यास आधार नाही. मिस्त्रीने झाकणही बदलले, कारण त्याची स्प्रिंग मेली होती. थर्मोस्टॅट मात्र त्याला जागेवर सापडला नाही. पूर्वीच्या मिस्त्र्यांना तो काढून फेकण्याची खोडच होती. गाडी तापू नये म्हणून काढीत, आणि मग पौषात इंजिन गरमच होत नसे. हिवाळ्यात आमची गाडी का खोकते, हे आम्हांस इतक्या वर्षांनी समजले. शेवटी निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध केलेले पाणी असे मिश्रण भरले. विहिरीच्या पाण्याचा डबा त्याने स्वतःच्या हाताने झाडाच्या बुंध्याशी रिकामा केला.

आम्ही तिसऱ्या दिवशी परतलो. आई तेथेच राहिली. मावशी त्यानंतर एकोणीस दिवस होती.

तेराव्यानंतर आईला आणावयास पुन्हा गाडी घेऊनच गेलो. जाताना-येताना काटा मध्यावर होता, आणि गांगुलपाऱ्याच्या त्या वळणावर आम्ही दोघेही उगाचच ट्रकच्या काचांतून आत पाहत होतो. वहीत नोंदी पुन्हा सुरू आहेत. गेल्या पाच महिन्यांत पाण्याची एकही नाही. मावशीकडचा उरलेल्या हळदीचा डबा आईने परत आणला व त्यातली एक पुडी बांधून गाडीच्या खणात, वहीशेजारी ठेवली. ती काढू देत नाही. मिस्त्री कधी घरी आलाच, तर खण उघडला जाऊ नये एवढे आम्ही पाहतो.